नवीन बॉल पायथन घरी आल्यावर: पहिल्या महिन्याचा धागा

खवलेकर (ह्यूस्टन)

साप पाळावा की पाळू नये हा वाद इथे नको, त्यासाठी वेगळा धागा काढा. इकडे अमेरिका-कॅनडा-ब्रिटनमध्ये मुलांच्या हट्टापायी घरात बॉल पायथन येतो, पहिल्याच आठवड्यात दहा जण त्याला हातात घेतात, मग तो खायचे बंद करतो आणि घरचे घाबरतात. हा धागा त्या लोकांसाठी आहे.

एक गोष्ट डोक्यात बसली की बाकीचे आपोआप कळते. हा साप पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. दिवसाचा बराच वेळ तो उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात काढतो. बीळ म्हणजे अंधार, ऊब, दमटपणा आणि अंगाला चहूबाजूंनी लागणारी भिंत. चकचकीत काचेच्या पेटीत मधोमध एक शोभेची कवटी ठेवली तर यातले त्याला काहीच मिळत नाही. भीती वाटली की हा सहसा चावत नाही, डोके आत घालून चेंडूसारखा गोळा होतो. गोळा झालेला साप 'शांत' आहे असे समजू नका, तो घाबरलेला असतो.

पेटी साप यायच्या आधी किमान ४८ तास, जमल्यास ७२ तास चालू ठेवा. साप आल्यावर तापमान जुळवत बसलात तर रोज झाकण उघडाल आणि स्थिरावणे तिथेच बोंबलेल. आकडे असे:

गरम बाजूची पृष्ठभागाची उष्णता ३१ ते ३३ अंश सेल्सिअस. थंड बाजूची हवा २५ ते २७. रात्री कुठेही २३ च्या खाली नको. ३५ च्या वर गेले की धोका सुरू. आर्द्रता ६० ते ७० टक्के, कात टाकायच्या वेळी ७० च्या थोडी पुढे चालेल. फॅरनहाइटवाल्यांनी लक्षात ठेवायचे ते ९० आणि ७८.

लपायच्या जागा दोन, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला, आणि दोन्ही अगदी सारख्या. एक आवडती आणि एक नावडती अशा ठेवल्या तर तो ऊन-थंडी न बघता आवडतीत बसून राहतो. माप असे की वेटोळे घालून बसल्यावर अंग तीन बाजूंना टेकले पाहिजे, आणि दार एकच. उपडी घातलेली कुंडीखालची प्लॅस्टिकची ताटली, कडेला दार कापून, कापलेली कड पॉलिश पेपरने घासून घेतली की विकतच्या गुहेइतकेच काम करते.

तापमापक (टोरांटो)

खवलेकर, उत्तम सुरुवात. थर्मोस्टॅटचे, म्हणजे उष्णता ठरलेल्या आकड्यावर राखणाऱ्या यंत्राचे, सविस्तर लिहितो, कारण पोट भाजलेले साप याच एका चुकीमुळे दवाखान्यात जातात.

हीट मॅट (पेटीखाली लावायची तापणारी चटई) थर्मोस्टॅटशिवाय लावायचीच नाही. नुसती प्लगला लावलेली मॅट काच ५० अंशांच्या वर सहज नेते. "गरम लागले तर साप सरकेल" हा समज चुकीचा आहे. पोटाखालून भाजत असताना साप तिथेच बसून राहतो, खालच्या खवल्या लाल-तपकिरी होईपर्यंत कोणाला कळत नाही.

प्रोब, म्हणजे थर्मोस्टॅटचे तापमान मोजणारे टोक, कुठे? काचेखाली मॅट असेल तर मॅट आणि काच यांच्या मध्ये, बाहेरच्या बाजूने. बरेच जण प्रोब आत, सबस्ट्रेटवर (पेटीच्या तळाला पसरलेल्या थरावर) मोकळा टाकतात. साप तो सरकवतो, किंवा त्यावर पाणी सांडते, किंवा शू होते. गार प्रोब बघून थर्मोस्टॅट मॅटला सुटी देतच नाही आणि काच तापत जाते. प्रोब बाहेर असला की आकडा दोनेक अंश वर, ३३-३४ ला ठेवावा लागतो. नेमका किती ते आतला पृष्ठभाग इन्फ्रारेड गनने मोजूनच ठरवा. गन मारताना सबस्ट्रेट बाजूला करून काचेवर मारा, कारण साप खणून तिथपर्यंत जातोच.

दुसरे, मॅटने हवा तापत नाही. हिवाळ्यात घर २० अंशांवर असेल तर वरून उष्णता लागणार: सिरॅमिक हीट एमिटर (उजेड न देता तापणारा बल्ब) किंवा रेडियंट पॅनेल (वर लावायची तापणारी पाटी). लाकडी पेटीत एमिटर आत असेल तर भोवती जाळीचा पिंजरा हवाच, बॉल पायथन त्याला विळखा घालतो. सिरॅमिकला पल्स थर्मोस्टॅट (झटक्याझटक्याने वीज देणारा), हॅलोजन दिव्याला डिमिंग (वीज हळूहळू कमी-जास्त करणारा). हॅलोजनला साधा ऑन-ऑफ लावलात तर दिवा रात्रंदिवस लुकलुकतो आणि बल्ब लवकर जातो.

निशाचर

रात्री लाल बल्ब लावला तर सापाला दिसत नाही म्हणतात, तो चालेल ना? दुकानदाराने दिलाय.

तापमापक

नको. लाल उजेडही त्याला कळतो, आणि रात्र म्हणजे काळोख हवा. परत करा आणि त्याच पैशात सिरॅमिक घ्या, तो उजेड देत नाही. तसेच आत ठेवायचा 'हीट रॉक' (विजेवर तापणारा नकली दगड) देत असतील तर तोही घेऊ नका, कुठे किती तापेल याचा नेम नसतो.

मीठभाकर (लेस्टर)

आर्द्रतेवर माझे दोन पैसे. घड्याळासारखे काट्याचे हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचे यंत्र) टाकून द्या, डिजिटल घ्या, आणि तेही तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यात दाट चिखल होईल इतकेच थेंबभर पाणी. मीठ विरघळता कामा नये. झाकण आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत हवाबंद करून खोलीत ८ ते १२ तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ७० दाखवत असेल तर तुमचे यंत्र ५ ने कमी बोलते, तेवढे मनात धरून चाला.

सबस्ट्रेट म्हणून नारळाच्या सोडणाचे तुकडे किंवा सायप्रसचा भुगा, ८ ते १० सेंटिमीटर जाड. देवदार आणि सुगंधी पाइनचा भुसा अजिबात नाही, त्यातली तेले सापाच्या फुप्फुसाला त्रास देतात. फवारणी दिवसातून तीनदा करणारे लोक बघितले की हात जोडावेसे वाटतात. फवाऱ्याने वरचा थर ओला होतो, दोन तासांत आकडा पडतो, आणि साप मात्र ओल्यावर बसून पोटाच्या खवल्या सडवून घेतो. त्याऐवजी चार कोपऱ्यांत हळूहळू पाणी ओता, लहान पेटीला एकूण अर्धा लिटर पुरे. पाणी तळाला जाते, खालून वाफ देत राहते, वरचा थर कोरडा. मूठभर उचलून दाबा: तळाचा थर ओलसर लागावा, पण थेंब गळू नये. तळाला मॅट असेल तर हा जाड थर तिच्यावर गोधडीसारखा बसतो, तेव्हा उष्णता वरूनच द्या.

जाळीचे झाकण असेल तर तीन चतुर्थांश भाग फॉइलने झाका, बाहेरून. चिकटपट्टी पेटीच्या आत कधीही, कुठेही लावू नका. साप तिला चिकटला की सोडवताना खवल्यांसकट कातडे निघते. चिकटलाच तर ओढू नका, गोडेतेल लावून पाच-दहा मिनिटे थांबा आणि पट्टी शेपटीच्या दिशेने हळूहळू सरकवत काढा.

काथ्याकूट

पिल्लाला मोठी पेटी दिली तर घाबरून खात नाही, म्हणून आधी लहान डबाच द्यावा. हे सगळेच ब्रीडर सांगतात.

खवलेकर

ब्रीडर डब्यात ठेवतात ते त्यांच्या सोयीसाठी, एका रॅकमध्ये चाळीस साप बसतात म्हणून. अर्थात तुमच्या म्हणण्यात निम्मे तथ्य आहे. मोकळ्या मोठ्या पेटीत पिल्लू खरेच घाबरते. पण दोष मापाचा नाही, मोकळेपणाचा. बिळातल्या प्राण्याला उघड्या माळावर सोडल्यासारखे ते. कागदी नळ्या, सालीचे तुकडे, प्लॅस्टिकची पाने अशी गर्दी करा की एका लपणीतून दुसरीत जाताना तो कुठेच उघडा पडणार नाही. मागची आणि दोन बाजूंच्या काचा काळ्या कागदाने बाहेरून झाका. मग ६० × ४५ ची पेटी काय आणि मोठ्याची १२० × ६० × ६० सेंटिमीटरची काय, दोन्हीत खातो. मोठ्यासाठी शेवटी ती लागणारच आहे. हा साप २० ते ३० वर्षे जगतो, म्हणजे आज पाचवीत असलेल्या मुलाचे लग्न तो बघणार.

सई_के

काल आला. कुरियरच्या खोक्यातून बाहेर काढण्यापासून सांगाल का कोणी? आता काय करायचे आणि काय नाही?

खवलेकर

सईताई, बेत असा.

खोके घरात, पंखा-उन्हापासून दूर उघडायचे. आतली कापडी पिशवी बाहेर काढून स्वयंपाकाच्या नसलेल्या, एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा, पिशवीसकट वजन घ्या, साप पेटीत गेल्यावर रिकाम्या पिशवीचे वजा करा. हे वजन पुढे फार कामाला येते. जाता जाता एक नजर: हनुवटीखाली, डोळ्यांच्या कडेला, खवल्यांच्या फटीत मोहरीहून बारीक काळे ठिपके हलतात का? ते गोचीडसदृश माइट. नाकातोंडाशी बुडबुडे आहेत का? नसतील तर गरम बाजूच्या लपणीच्या दाराशी सोडा, झाकण लावा, कुलूप लावा, दिवा मालवा.

त्यानंतर सात दिवस हात लावायचा नाही. पाणी बदलायचे, घाण दिसली तर चिमट्याने उचलायची, आकडे वाचायचे, बस. पाहुणे आले म्हणून दाखवायला काढायचा नाही. पेटी टीव्हीच्या स्पीकरशेजारी किंवा वॉशिंग मशीनच्या भिंतीला नको, जमिनीतून येणारी थरथर त्याला स्पष्ट कळते. या आठवड्यात तो लपणीत दिसेनासा झाला की सगळे ठीक चालले आहे. रात्रभर काचेला नाक घासत फिरत असेल तर मात्र उष्णता, आर्द्रता किंवा लपण यांपैकी काहीतरी चुकले आहे.

विकणाऱ्याकडून चार गोष्टी लिहून घ्या: शेवटचे कधी खाल्ले, छोटा माऊस की रॅट, जिवंत की फ्रोझन, किती ग्रॅमचे. उत्तर "खातो हो सगळे" असे आले तर पुन्हा विचारा.

मीठभाकर

घरात दुसरा साप असेल तर नव्याला ९० दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. आधी जुन्याचे काम, मग नव्याचे, चिमटे-वाट्या वेगळ्या. तेवढे दिवस सबस्ट्रेट नको, साधे टिश्यू पेपर, म्हणजे माइट आणि विष्ठा लगेच दिसते. अजगरवर्गात निडोव्हायरस आणि इन्क्लुजन बॉडी डिसीज हे दोन असे आजार आहेत की बाहेरून साप ठणठणीत दिसतो. पहिल्या महिन्यात विष्ठेचा नमुना सरीसृपांच्या पशुवैद्याकडे द्यावा.

निशाचर

खाण्याचे सांगा ना आता. सातवा दिवस उजाडतोय.

खवलेकर

पहिले जेवण विकणारा देत होता तेच, त्याच जातीचे, किंचित लहान. वाढत्या वयात सापाच्या वजनाच्या १० ते १५ टक्के: १०० ग्रॅमच्या पिल्लाला १० ते १५ ग्रॅमचा उंदीर. ५०० ग्रॅमच्या पुढे ५ ते ७ टक्क्यांवर या. डोळ्याचा अंदाज असा की उंदीर सापाच्या सर्वांत जाड भागाहून फार जाड नको.

फ्रोझन उंदीर झिपच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजमध्ये वितळवा. द्यायच्या आधी १५-२० मिनिटे, पिशवीसकटच, ४० अंशांच्या पाण्यात. पोट दाबून बघा, आत बर्फाचा खडा लागता कामा नये. मग डोके थोडे जास्त गरम, ३७-३८ पर्यंत. याच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात, गार उंदीर त्याला 'दिसत'च नाही. मायक्रोवेव्ह वापरू नका, बाहेरून फुटतो आणि आतून कच्चाच राहतो.

संध्याकाळनंतर, दिवे मंद करून, ३० सेंटिमीटर लांबीच्या चिमट्याने उंदराला कमरेपाशी धरून लपणीच्या दारासमोर आणा. वरून नाही, समोरून. वरून येते ते याच्या लेखी घार. दोन-तीनदा किंचित हलवा. मान इंग्रजी एससारखी वळली आणि जीभ भरभर चालू झाली की थांबा, तो स्वतः झडप घालेल. पाच-दहा मिनिटांत नाही घेतला तर दाराशी ठेवून दिवा बंद करून निघून जा. सकाळी तसाच असेल तर फेकून द्या, पुन्हा गोठवायचा नाही.

आणि आता सगळ्यात अवघड: पुढचे सात दिवस पुन्हा विचारायचेच नाही. रोज उंदीर नाचवणे म्हणजे रोज त्याच्या बिळात काठी घालणे.

काथ्याकूट

खायला वेगळ्या डब्यात काढतात ना? नाहीतर पेटीत हात घातला की चावायची सवय लागते.

तापमापक

जुना समज. भुकेल्या सापाला उचलणे आणि भरल्या पोटी परत उचलणे, दोन्ही धोक्याचे; दुसऱ्याने तर उलटी होते. उलटी झाली तर १४ दिवस काहीही द्यायचे नाही, नंतर आधीच्या निम्म्या आकाराचे. लागोपाठ दोनदा झाली तर डॉक्टर. पेटीतच खायला द्या, आणि हाताळण्याच्या वेळी आधी कागदाच्या गुंडाळीने पाठीवर हलका स्पर्श करा. दोन-तीन आठवड्यांत त्याला फरक कळतो: स्पर्श म्हणजे जेवण नाही.

सुमेधा_पी (न्यू जर्सी)

आमच्यासारख्या शाकाहारी घरात उंदीर कुठल्या फ्रीजमध्ये ठेवायचे हा प्रश्न सापाहून मोठा होतो. त्यावर कोणी लिहिलेच नाही.

मीठभाकर

शाकाहार-मांसाहार सोडा, आरोग्याच्या नजरेनेही अन्नाच्या फ्रीजरमध्ये ठेवू नयेच. अमेरिकेतली सरकारी आरोग्यसंस्था सीडीसीसुद्धा हेच सांगते. गॅरेजमध्ये छोटा वेगळा फ्रीजर, नाव लिहिलेला अपारदर्शक डबा. महिन्याला चार-पाच उंदीर लागतात, फार जागा जात नाही. वितळवायचे भांडे, काटा, चिमटा वेगळे, आणि ते ओट्यावरच्या सिंकमध्ये धुवायचे नाहीत.

सापांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, साप निरोगी असला तरी. म्हणून घरात पाच वर्षांखालचे मूल, खूप म्हातारे माणूस किंवा केमोवर असलेले कोणी असेल तर आणण्याआधी दहादा विचार करा. हाताळल्यावर साबणाने हात, आणि सापाला ओट्यावर, देवघरात, डायनिंग टेबलवर सोडणे बंद. नागपंचमीला वाटीभर दूध ठेवायचा मोह आवरा, कुठलाच साप दूध पचवत नाही.

अनिकेत_पुणे

पुण्यात हाच साप कायद्याने ठेवता येतो का? आणि मांडूळ, धामण?

खवलेकर

मांडूळ, धामण, अजगर, नाग, आपल्याकडचा एकही देशी साप घरात ठेवता येत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. मांडुळाला पैसे देणारे भेटले तर ते गिऱ्हाईक नव्हे, गुन्हेगार. घरात साप शिरला तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावा, बरणीत भरू नका.

बॉल पायथन परदेशी, पण तो साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणून २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची नोंदणी सक्तीची. २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर, प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत अर्ज. विकणाऱ्याकडे कागद नसतील तर साप घेऊच नका. कॉर्न स्नेक हा पाळला जाणारा दुसरा परदेशी साप साइट्समध्ये नाही, त्याचे गणित वेगळे. आणि कॉर्न स्नेक म्हटला की इकडच्यांसाठी: तो अमेरिकेचाच देशी, म्हणून जॉर्जियात पाळता येत नाही. हवाईत तर कुठलाच साप पाळता येत नाही. राज्याचे नियम आणि भाड्याच्या घराचा करार, दोन्ही आधी वाचा.

तापमापक

अनिकेत, तुमच्याकडे वरचे आकडे तेच, पण झगडा उलटा. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात खोलीच ४० ला जाते, तिथे प्रश्न तापवण्याचा नसून थंड ठेवण्याचा. दुपारी एसीची खोली लागतेच. कोकणात पावसाळ्यात हवा ९० टक्के दमट, म्हणजे फॉइल काढून जाळी मोकळी करायची, कोपऱ्यांतले पाणी बंद. वीज गेल्यावर गरम बाजू किती तासांत २५ ला येते ते एकदा मोजून ठेवा.

सुमेधा_पी

डोळे निळसर पांढरे झालेत, पोट गुलाबी. आंधळा होतोय का?

मीठभाकर

कात येतेय. चार-सहा दिवसांत डोळे पुन्हा स्वच्छ होतील, त्यानंतर तीन-चार दिवसांत कात. तोवर हात लावू नका आणि खायला देऊ नका. एका डब्यात ओले, पिळलेले स्फॅग्नम मॉस (एक प्रकारचे शेवाळ) भरून दार कापून ठेवा. कात एकसंध, पायमोज्यासारखी उलटी निघायला हवी. निघाली की उजेडात धरून बघा: डोळ्यांच्या दोन्ही चकत्या आणि शेपटीचे टोक आहे ना? तुकड्यातुकड्यांत निघाली तर आर्द्रता कमी पडली. मग झाकणाला भोके असलेल्या डब्यात कोमट ओला टॉवेल, २८-३० अंश, अर्धा-पाऊण तास, समोर बसून. टॉवेलमधून सरपटताना आपोआप निघते. डोळ्याची चकती नखाने, चिमट्याने, कशानेही काढू नका. पुढच्या कातीबरोबर जाते, नाहीतर डॉक्टर काढतील.

काथ्याकूट

पेटीचा दरवाजा दोन बोटे उघडा राहिला आणि साप गायब. कोणी जागे आहे का?

खवलेकर

जागा आहे. आधी खोलीचे दार बंद आणि दाराखाली टॉवेल. सापाचे डोके जाते तिथे सगळा साप जातो. उघड्यावर शोधू नका, भिंतीच्या कडेने, पुस्तकांच्या मागे, सोफ्याच्या आतल्या कापडात, फ्रीजच्या मोटरपाशी बघा. पहिल्या २४ तासांत बहुतेक त्याच खोलीत असतो. रात्री प्रत्येक दाराच्या उंबऱ्याशी गव्हाच्या पिठाची पातळ रेघ ओढा, सकाळी कुठली पुसली ते दिसेल. थर्मोस्टॅटसकट मॅट जमिनीवर ठेवून वर त्याचीच लपण ठेवा आणि दिवे बंद करा. सापडला की काचेला सरककुलूप लावा. टेप नाही.

निशाचर

१४ वा दिवस. दोनदा दिला, दोनदा नाही म्हणाला. वजन आले तेव्हा १२० ग्रॅम, आज ११४. गरम बाजू ३२, थंड २६, आर्द्रता ६४. लपणीतच असतो. काय बदलू?

खवलेकर

काहीच नाही. ६ ग्रॅम म्हणजे ५ टक्के, आणि त्यात त्याने केलेली शी-शूही आली. १० टक्के उतरले तर, किंवा तोंड उघडे ठेवून श्वास घेताना, बुडबुडे काढताना दिसला तर पशुवैद्य. आकडे चांगले आहेत. विकणारा माऊस देत होता आणि तुम्ही रॅट देताय का ते तेवढे बघा; तसे असेल तर माऊसवर या. पुढचा प्रयत्न सात दिवसांनी, रात्री दहानंतर, डोके हेअर ड्रायरने गरम करून. आणि तोवर दिवसातून चारदा लपण उचलून बघणे बंद. ते करताय, हे तुमच्या 'लपणीतच असतो'वरून कळले.